विहिरीवरच्या मोटरला व्होल्टेज कुठे कमी पडतं: २९५ मीटर केबलच्या नोंदी

काम वर्धा जिल्ह्यातल्या एका वावरातलं. मीटर आणि स्टार्टरची पेटी रस्त्याकडच्या खांबाजवळ, विहीर वावराच्या दुसऱ्या टोकाला. मधे ४ चौरस मिमीची तीन कोर ॲल्युमिनिअम केबल, लांबी २९५ मीटर, धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेने कुठे पुरलेली तर कुठे उघडी. मोटर ओपनवेल सबमर्सिबल (विहिरीत पाण्याखाली बसणारी), ५ एचपी. पाटीवर ३.७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, पूर्ण लोडला १०.५ अँपिअर आणि व्होल्टेजची हद्द ३५० ते ४४० असं छापलेलं आहे. रात्रपाळीच्या लाइनवर मोटर नुसती गुरगुरते, उचलत नाही. दिवसा चालते, पण हरभऱ्याला पाणी कमी पडतं. वाइंडिंग जळून रिवाइंड झालेलं आहे. गावात अशा वेळी पहिलं बोट डीपीकडे (गावच्या ट्रान्सफॉर्मरकडे) जातं. डीपी, केबल आणि मोटर यांतलं कोण किती व्होल्ट खातं हे आकड्यांनी काढायचं, म्हणून या नोंदी ठेवल्या.

१६ नोव्हेंबर २०२४. चालू मोटरची रीडिंग

लागलेलं सामान: साधा डिजिटल मल्टिमीटर, एसी क्लॅम्प मीटर, टेस्टर, रबरी हातमोजे, उभं राहायला कोरडी लाकडी फळी. चालू लाइनवरचं प्रत्येक माप परवानाधारक वायरमननेच घ्यायचं. विहिरीवरची जोड-पेटी ओल्या काठावर असते आणि तिथे चूक सुधारायची संधी मिळत नाही.

क्लॅम्प आधी अख्ख्या केबलभोवती लावला तर मीटरने शून्य दाखवलं. तीन फेजचे करंट एकमेकांना काटतात, म्हणून जबड्यात एकच कोर घ्यावा लागतो. स्टार्टरच्या खाली कोर सुटे होतात तिथे लावला.

स्टार्टरच्या बाहेरच्या टर्मिनलवर, मोटर चालू असताना (आर, वाय, बी ही तीन फेजची नावं): आर-वाय ३८१, वाय-बी ३८०, बी-आर ३७९ व्होल्ट. सरासरी ३८०.
विहिरीच्या जोड-पेटीत, लगेच नंतर: ३४६, ३३७, ३४०. सरासरी ३४१.
करंट: आर ११.२, वाय ११.४, बी १०.४ अँपिअर. सरासरी ११.०.

डीपीकडून ३८० येतंय. ४१५ च्या मानाने कमी, पण मोटरच्या हद्दीत. पुढचे ३९ व्होल्ट आपल्याच केबलमध्ये जातात आणि मोटर हद्दीखाली येते. करंट पाटीवरच्या १०.५ च्या वर आहे आणि तिन्ही फेजमध्ये सारखा नाही. ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद पाडणारा) १३ वर फिरवून ठेवलेला होता, म्हणून तो कधी पडलाच नाही. वाइंडिंग जळायला एवढं पुरेसं आहे.

दोन्ही टोकांची रीडिंग पाठोपाठ घ्या. शेजारच्या विहिरीवरची मोटर मधेच सुरू झाली की लाइन ५-७ व्होल्टने हलते आणि सगळा हिशोब बिघडतो. एक माणूस पेटीपाशी, एक विहिरीपाशी आणि दोघांकडे फोन, ही सोय चांगली.

१७ नोव्हेंबर. पॉवर किती

शेगडी किंवा गिझर असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की वॅट मिळतात. थ्री फेज मोटरला १.७३२ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर असा गुणाकार करावा लागतो आणि पॉवर फॅक्टर (त्या गुणाकारातला खरोखर कामी येणारा वाटा) साध्या मीटरवर दिसत नाही. तो विजेच्या मीटरवरून काढता येतो. या मीटरवर १ युनिटला ८०० लुकलुक असं छापलेलं आहे (तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकतो, तोच घ्या). लाल दिव्याच्या २० लुकलुकींना १५.३ सेकंद लागले.

पॉवर = ३६०० × २० ÷ (८०० × १५.३) = ५.८८ किलोवॅट
१.७३२ × ३८० × ११.० = ७.२४ केव्हीए
पॉवर फॅक्टर = ५.८८ ÷ ७.२४ = ०.८१

मोजायला सुरुवात करताना पहिल्या लुकलुकीला 'शून्य' म्हणा. 'एक' म्हटलं तर एक लुकलुक जास्त धरली जाते आणि २० मध्ये ५ टक्क्यांची चूक येते. एचपीवर बिल येणाऱ्या, बिनमीटरच्या जोडणीला हा मार्ग नाही. तिथे पॉवर फॅक्टर ०.८ धरून चालायचं.

याच दिवशी एक चुकीचा भागाकार वहीत आला होता, तो खोडला. चालू मोटरच्या व्होल्टेजला करंटने भागून वाइंडिंगचा रेझिस्टन्स निघत नाही. एका फेजला ३४१ ÷ १.७३२ = १९७ व्होल्ट, त्याला ११ ने भागलं तर १७.९ येतात. वाइंडिंगचा खरा रेझिस्टन्स (पुढे मोजला) १.८ ओहम आहे, म्हणजे दहा पट फरक. फिरती मोटर स्वतः उलट व्होल्टेज तयार करते, त्यामुळे तो भागाकार रेझिस्टन्सचा नव्हेच. केबल, शेगडीची कॉइल, जोड, फ्यूज यांना मात्र व्ही भागिले आय (व्होल्ट भागिले अँपिअर) बिनधास्त लावा.

२० नोव्हेंबर. मल्टिमीटरच्या ओहमवर काम भागलं नाही

लाइन बंद. किटकॅट (पोर्सेलिनचे फ्यूज) काढून खिशात, स्टार्टर बंद, पेटीला कुलूप. कपॅसिटर लावलेला असेल तर तो आधी डिस्चार्ज करा. विहिरीच्या टोकाला मोटर सोडवली, तिथे दोन कोर एकमेकांना घट्ट जोडले आणि इकडून ओहम मोजले. आकडा ४.९, ५.२, ४.८ असा नाचत राहिला. नुसत्या प्रोब एकमेकांना टेकवल्या तरी ०.४ ते ०.६ दाखवतो. मोजायची वस्तूच ४-५ ओहमची असताना अर्ध्या ओहमच्या गोंधळावर केबलचा निर्णय घेता येत नाही. मीटरमधला सेल उतरला असेल तर गोंधळ आणखी वाढतो.

उपाय जुना आणि खात्रीचा: केबलमधून चांगला दणदणीत डीसी करंट सोडायचा, करंट आणि व्होल्टेज वेगवेगळे मोजायचे आणि भागायचं.

२३ नोव्हेंबर. बॅटरी आणि हेडलाइटने मोजलेला रेझिस्टन्स

जोडणी अशी: ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीचा प्लस, तिथून ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब, तिथून मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात, तिथून केबलचा एक कोर, विहिरीवर दुसऱ्या कोरशी जोड आणि परत बॅटरीचा मायनस. बल्बचं काम करंट आवरण्याचं. कुठे शॉर्ट झालं तर बल्ब पूर्ण पेटेल, बाकी काही जळणार नाही. बल्बशिवाय हे करू नका.

दुसरा मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याच्या प्रोब थेट केबलच्या दोन कोरांच्या खरवडलेल्या टोकांवर लावा, बॅटरीच्या चिमट्यांवर नाही. म्हणजे चिमट्यांचा आणि बल्बच्या वायरचा रेझिस्टन्स मापात येत नाही. या पद्धतीची सगळी ताकद इथेच आहे.

एकच मीटर असेल तर करंट मोजल्यावर लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. तशाच प्रोबने नंतर लाइनचं व्होल्टेज मोजायला गेलात तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट होतो आणि हातात फुटतो.

आर-वाय: ९.४१ व्होल्ट, २.११ अँपिअर, ४.४६ ओहम
वाय-बी: ९.९१ व्होल्ट, १.८७ अँपिअर, ५.३० ओहम
बी-आर: ९.९० व्होल्ट, १.८६ अँपिअर, ५.३२ ओहम

हे जोडीचे आकडे आहेत. सुटे करायला तिघांची बेरीज करून अर्धी करा: १५.०८ ÷ २ = ७.५४. त्यातून एक जोडी वजा केली की उरलेला कोर मिळतो. बी = ७.५४ − ४.४६ = ३.०८. आर = ७.५४ − ५.३० = २.२४. वाय = ७.५४ − ५.३२ = २.२२.

४ चौरस मिमी ॲल्युमिनिअमचा तक्त्यातला रेझिस्टन्स २० अंशांना किलोमीटरला ७.४१ ओहम. २९५ मीटरला २.१९, सकाळच्या २५ अंशांना २ टक्के वाढवून २.२३. आर आणि वाय अगदी जुळले, म्हणजे केबल खरोखर ४ चौरस मिमीची आहे. (बाजारात ४ छापलेली आणि आत ३ भरलेली केबल मिळते. घेताना १०० मीटरचं भेंडोळं याच पद्धतीने तपासा.) बी कोरमध्ये मात्र ०.८५ ओहम जास्तीचे आहेत. तिथे जोड खराब आहे.

१०.४ अँपिअरला त्या एका जोडात १०.४ × १०.४ × ०.८५ = ९२ वॅट उष्णता. सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त उष्णता एका टेपच्या गुंडाळीत, जमिनीखाली.

तिन्ही कोरचं नुकसान प्रत्येकाच्या करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स असं जोडलं: २८१ + २८९ + ३३३, सुमारे ९०० वॅट. मीटरवरून जाणाऱ्या ५.८८ किलोवॅटमधले मोटरला मिळतात ४.९८.

मोटरचं वाइंडिंगही याच बॅटरीवर मोजलं. तिन्ही जोड्या ३.६० ते ३.६२ ओहम. स्टार जोडणी (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधलेली) असल्याने एका फेजला अर्धे, १.८. तिन्ही सारखे, मोटर ठीक. करंट आधी सोडा, मग व्होल्टमीटर लावा, आणि काढताना आधी व्होल्टमीटर काढा. वाइंडिंगचा करंट तोडताना झटका बसतो.

२४ नोव्हेंबर. जोड उकरला

दोन वर्षांपूर्वी नांगराने केबल तुटली होती ती जागा माहीत होती, तिथेच उकरलं. टेप वितळून कोळशासारखी झालेली. आर आणि वायचे जोड लांब पिळून बांधलेले, बीचा जेमतेम दोन पिळांचा आणि वर पांढरी भुकटी. ॲल्युमिनिअमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर बसतो आणि तो थर वीज वाहू देत नाही. पिळलेला जोड मोटर चालू-बंद होताना गरम-थंड होऊन सैल पडतो. त्यात आपली काळी माती: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पुरलेल्या केबलला दोन्ही बाजूंनी ओढते. पिळलेला जोड तिच्यात टिकत नाही.

दुरुस्ती: तिन्ही कोर स्वच्छ धातूपर्यंत कापले, वायर ब्रशने घासले, लगेच ऑक्साइडरोधक पेस्ट लावली, ४ चौरस मिमीच्या ॲल्युमिनिअम जोडनळ्या क्रिंपिंग पान्याने दोन्ही बाजूंना दोन-दोनदा दाबल्या, प्रत्येकावर हीट श्रिंक स्लीव्ह आणि तिघांवर मिळून एक मोठी. पक्कडीने दाबलेली नळी चालत नाही. ओढून पाहिली तर सरकते. सामानाचा खर्च ६४० रुपये, पाना भाड्याने.

पुन्हा मोजलं: तिन्ही जोड्या ४.४५ ते ४.४७. मोटर चालवली: करंट ११.०, १०.९, १०.८. विहिरीवर ३४५. फेज सारखे झाले, पण ३५ व्होल्ट अजून जातातच, कारण ते जोडाचे नव्हते, जाडीचे होते.

३० नोव्हेंबर. मोटर का उचलत नाही

सुरू होताना करंट चालू करंटच्या पाच पट, ५० अँपिअर धरला, त्या क्षणीचा पॉवर फॅक्टर ०.५. केबलमधली घट = १.७३२ × ५० × २.२३ × ०.५ = ९७ व्होल्ट. ३८० मधून उरतात २८३. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो: २८३ ÷ ४१५ चा वर्ग, ०.४६. निम्म्याहून कमी जोर, तोही पेटीवर ३८० असताना. रात्री पेटीवर ३५० च्या आसपास असतं. गुरगुर तिथून येते. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबणं म्हणजे दर खेपेला ५० अँपिअर वाइंडिंगमध्ये ओतणं.

७ डिसेंबर. कोणती केबल

३ कोर, २९५ मीटर, २५ अंश, करंट १०.५, पॉवर फॅक्टर ०.८ धरून:

१० चौरस मिमी ॲल्युमिनिअम (किलोमीटरला ३.०८ ओहम): कोरला ०.९३ ओहम, घट १३.५ व्होल्ट, नुकसान सुमारे ३०५ वॅट.
१६ चौरस मिमी ॲल्युमिनिअम (१.९१): कोरला ०.५७, घट साडेआठ व्होल्ट, नुकसान १९० वॅट.
६ चौरस मिमी तांबं, बारीक तारांचं (३.३०): कोरला ०.९९, घट साडेचौदा व्होल्ट.

तांब्याचा भाव मीटरला अडीचशेच्या वर सांगितला आणि घट १० च्या ॲल्युमिनिअमइतकीच. शिवाय विहिरीवरून तांब्याची केबल चोरीला जाते. तांबं बाद. १६ ला मीटरमागे ५० रुपयांहून जास्त पडतात, म्हणजे ५ व्होल्टसाठी पंधरा हजारांच्या वर. पुढे साडेसात एचपी बसवायची असेल तर १६ च घ्या. ५ एचपीला १० पुरते. भाव ठरला मीटरला ११२ रुपये, ३०० मीटर, ३३,६०० रुपये. अट एकच घातली: अखंड तुकडा, मधे जोड नको. त्यासाठी ड्रम येईपर्यंत थांबावं लागलं आणि हरभऱ्याची एक पाळी लांबली.

मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल माफ आहे, मग ९०० वॅटची फिकीर कशाला, असा प्रश्न कोणीही विचारेल. वीज माफ आहे, रिवाइंडिंग माफ नाही. केबलमध्ये गेलेले व्होल्ट मोटरच्या वाइंडिंगमधून जास्तीचा करंट होऊन वसूल होतात, आणि मोटर भर हंगामात बाहेर काढावी लागते. शिवाय एका डीपीवरच्या प्रत्येक केबलने ९०० वॅट फुकट जाळले तर रात्री सगळ्यांचंच व्होल्टेज पडतं.

१४ आणि १५ डिसेंबर. केबल टाकली

चर धुऱ्याच्या आतल्या बाजूने, अडीच ते तीन फूट. नांगराने वरची फोड करून बाकी फावड्याने; ट्रॅक्टर आणि मजुरी मिळून ५,२०० रुपये. तळाला मुरमाचा थर, त्यावर केबल सरळ न ताणता सैल, नागमोडी टाकली, वर पुन्हा मुरूम. काळ्या मातीच्या ओढीला सैल केबलच तग धरते. बंडीवाट ओलांडते तिथे एचडीपीई पाइपातून नेली.

पुरण्याचं दुसरं कारण ऊन. ॲल्युमिनिअमचा रेझिस्टन्स अंशाला ०.४ टक्के वाढतो. मे महिन्यात धुऱ्यावर उघडी पडलेली काळी केबल ६० अंशांना गेली तर २० अंशांच्या मानाने १६ टक्के वाढ, तीही नेमकी व्होल्टेज सर्वांत कमी असताना.

विहिरीवर ॲल्युमिनिअमला पंपाची तांब्याची केबल जोडायची होती. दोन धातू थेट पिळले आणि ओल लागली की ॲल्युमिनिअम गंजतं. बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनिअम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेली जोड-टोकं) वापरले, जोड-पेटी काठापासून दूर खांबावर उंच घेतली. जुनी केबल काढून घेतली: तीन कोरांत मिळून साडेनऊ किलो ॲल्युमिनिअम निघतं (२९,५०० सेंमी × ०.०४ × ३ × २.७ ग्रॅम), भंगारवाल्याशी बोलताना हा आकडा खिशात असू द्या.

१८ डिसेंबर. पुन्हा सगळी मापं

बॅटरीवर जोडी: ५.९२ व्होल्ट, ३.२० अँपिअर, १.८५ ओहम. कोरला ०.९२५, हिशोबाबरहुकूम.

चालू मोटर: पेटीवर ३८१, विहिरीवर ३६८, करंट १०.२ च्या आसपास तिन्ही फेजला. २० लुकलुकींना १७.० सेकंद, म्हणजे ५.२९ किलोवॅट. आधी ५.८८ होते. पाणी जास्त येतं आणि वीज ५९० वॅटने कमी लागते.

वाइंडिंगमधली उष्णता: आधी ३ × ११ × ११ × १.८ = ६५३ वॅट, आता ३ × १०.२ × १०.२ × १.८ = ५६२. सुरू होताना घट ९७ ऐवजी ४०, जोर ०.४६ ऐवजी ०.६७. मोटर लगेच उचलते.

रिले १३ वरून १०.५ वर आणला. किटकॅटही तपासले: मोटर चालू असताना एकाच्या दोन टोकांत १.३ व्होल्ट मिळाले. १.३ ÷ १०.२ = ०.१३ ओहम, १३ वॅट. पोर्सेलिनला चटका बसेल इतका गरम. लाइन बंद करून पितळी पाती घासली, स्क्रू आवळले, आता ०.२ व्होल्ट.

४ जानेवारी २०२५. रात्रपाळी

पेटीवर ३५२, विहिरीवर ३३८, करंट १०.९. रिले काही वेळाने पडला. तो बरोबर पडला, त्याला वर फिरवायचं नाही. ही घट आता आपल्या केबलची नाही, लाइनची आहे. तक्रार करताना वेळ आणि पेटीवरची तीन रीडिंग लिहून द्यायची.

पेटीच्या झाकणावर आतून रंगाने लिहून ठेवलं: पेटीवर ३६४ च्या खाली असेल तर मोटर लावू नये. मोटरला ३५० हवेत, केबलला १४ लागतात. जुन्या केबलला हाच आकडा ३८९ होता.

एप्रिलमध्ये जोडी पुन्हा मोजायची आहे. जमीन ३५ अंशांना गेली तर १.८५ चे १.९२ होतील, तो उन्हाचा फरक. त्याहून जास्त आले किंवा एकच जोडी वेगळी आली तर विहिरीवरचे बायमेटल लग उघडून बघायचे.